तळालगतचं पाणी

भिलाईच्या सेक्टर सहामधलं क्वार्टर मिळायच्या आधी आम्ही रुआबांध्याला राहत होतो, आणि माझं खरं शिक्षण तिथल्या तरियाच्या चिखलात झालं. तरिया म्हणजे तलाव. छत्तीसगढीतला हा शब्द आमच्या घरात इतका मुरला की पुढे मी समुद्राकाठच्या गावी नोकरीला लागले, तरी पाणी साठलेलं दिसलं की तोंडातून 'तरिया'च निघायचं. माझी सगळी नोकरी समुद्राच्या तळाचा चिखल वर काढण्यात आणि त्यातले जिवाणू तपासण्यात गेली. लोक विचारतात, "तुम्ही समुद्राकडे कशा वळलात?" मी सांगते, मी समुद्र पाहिला तो पंचविशी उलटल्यावर. चिखल मात्र त्याआधीच मला ओळखत होता.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा रेल्वेत गँगमन होते. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहतोय आणि तिथे माणसं पाहिजेत असं कळलं, तसे ते निघाले. तिथे ते रिगर झाले. अवजड लोखंड साखळ्यांनी, कप्प्यांनी उचलून हव्या त्या जागी अलगद बसवायचं, हे रिगरचं काम. बाबांना त्याचा फार अभिमान. जेवताना ताटाशेजारी वाटी ठेवायची तरी ते अशी ठेवत, की जणू काही टनांचं धूड उतरवतायत. नुकतेच आम्ही बौद्ध झालो होतो. आजीचे देव वैनगंगेत सोडून आलो होतो आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. गावाला लागून कामगारांची वस्ती होती, तिला कॅम्प म्हणत; तिथे आमच्या दोन खोल्या मातीच्या, वर टिनाचं छप्पर. खांब ठोकणाऱ्या यंत्राचा धप्प आवाज दिवसभर यायचा, आणि प्रत्येक धप्पासरशी मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. मला त्या आवाजावाचून अभ्यास सुचत नसे. रविवारी यंत्र बंद असलं की घर कसं बहिरं झाल्यासारखं वाटायचं.

मायनं घरी खानावळ काढली होती. एकटे राहणारे कामगार यायचे, कुणी बिहारचे, कुणी केरळचे, कुणी आमच्याच गोंदियाकडचे. सकाळी भोंग्याच्या आधी चून-भात, म्हणजे पिठलं-भात, संध्याकाळी लाखोळीची डाळ, भाजी आणि भात. भाकर फक्त रविवारी, कारण ज्वारी गावाकडून यायची. अंबाडीच्या भाजीत ती तांदळाची कणी घालून इतकी गुळगुळीत घोटायची, की केरळचा एक वेल्डर डोळे मिटून जेवायचा. तिनं चुलीवरून भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवला की तांदळाचा मांड एका बादलीत साठायचा. त्यातला थोडा आम्ही मीठ घालून प्यायचो, उरलेला ती भांडी घासायला जाताना घेऊन जायची आणि तरियात मासळीला टाकायची. "थे बी जीवच हाय," म्हणायची. मोठे काळे गंज घासायला तरियासारखी दुसरी जागा नव्हती. कॅम्पातल्या नळाला रांग असायची आणि धार करंगळीएवढी.

मी तेव्हा दुर्गच्या कॉलेजात विज्ञान शिकत होते. आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की चिखलात असेही जिवाणू असतात ज्यांना हवा लागत नाही; उलट हवा त्यांना सोसत नाही. ते दडून बसतात आणि कुजलेल्या पाल्यावर जगतात, आणि कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्यांच्यामुळे. मला हे इतकं आवडलं की त्या उन्हाळ्याच्या सुटीत भांडी घासता घासता मी पायाच्या अंगठ्यानं तळ उकरून बघायचे. काठाचा चिखल तांबूस होता, लाटा त्याला सारख्या चाटत असायच्या, आणि त्याला पावसातल्या मातीचा वास. चार पावलं आत गेलं की वरचा तांबूस पापुद्रा पातळ व्हायचा आणि अंगठा घुसला की खालून काजळासारखं काळं वर यायचं. वास तोच, अंड्याचा. माय ओरडायची, "काय करून राहिली वं? गंज घास!"

त्या वैशाखात तरिया फार आटला. हिरवट, गरम पाणी उरलं. घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या. मग गावाला कळलं की कालव्याचं पाणी पाइपानं तरियात सोडणार. एका ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी लांबलचक पाइप टाकून त्याचं तोंड अगदी मधोमध, खोल जागी नेऊन सोडलं. ज्या संध्याकाळी पाणी आलं त्या संध्याकाळी सगळं गाव पारावर, म्हणजे तरियाच्या बांधावर, जमलं होतं. पाइपाच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. बायकांनी नारळ फोडला, पोरं नाचली. मायही मांडाची बादली घेऊन गेली होती. तिनं ती नेहमीसारखी पाण्यात रिकामी केली आणि हात जोडले. पाण्याचा तो घोगरा आवाज आम्हाला झोपेतही येत होता, आणि बरं वाटत होतं.

सकाळी तरिया पांढरा दिसला. मेलेली मासळी पोट वर करून तरंगत होती, काठापासून काठापर्यंत. केजाबाई केंवटीण गुडघाभर पाण्यात उभी राहून छाती पिटत होती. तरियातली मासळी तिनं पोसलेली. तिचं घर त्यावरच चालायचं. "सब्बो मछरी मर गे!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाण्याला वास मारत होता. बायका आत उतरून मेलेली मासळी टोपल्यांत भरू लागल्या, आणि दुपारपर्यंत एकीच्या लक्षात आलं की पायातले चांदीचे तोडे काळे पडलेत. मग दुसरीचे. मग सगळ्यांचे.

चांदी काळी पडली म्हणजे विष, हे कुणाला सांगावं लागलं नाही. गावचा गौंटिया, म्हणजे मुखिया, म्हातारा आणि शब्दाला वजन असलेला माणूस. तो पारावर येऊन बसला. "पानी म कोनो जहर घोरे हे," तो म्हणाला. पाण्यात कुणीतरी विष कालवलंय. "चांदी लबारी नइ मारय." चांदी खोटं बोलत नाही. त्याच्या सुनेनं आदल्या संध्याकाळी मायला पांढरं काहीतरी पाण्यात ओतताना पाहिलं होतं. तिनं ते सांगितलं. मग कुणीतरी म्हणालं की या लोकांनी देव सोडलेत, यांना पाप-पुण्य कसलं. संध्याकाळी निरोप आला: आमच्या वस्तीतल्या कुणीही बाईनं घाटावर पाऊल ठेवायचं नाही.

बाबा कामावरून आले आणि सगळं ऐकून खाटेवर बसले. "जाऊ दे," ते म्हणाले. "आपल्याले क्वार्टर भेटनारच हाय. तवरोक नळावरून पानी आनू."

"अन् खानावळीचे गंज? थे नळावर घासू?" मायनं विचारलं.

"बंद ठेव थोडे दिवस."

मायनं पदर खोचला. तिचा आवाज चढला नाही, पण मांडणीवरचे पेले नुसते तिच्या बोलण्यानं किणकिणतील असं वाटलं. "मी मांड टाकला. भाताचा मांड. थोच आपली सुमन बी पेते," तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आज मी घरी बसली, त उद्या सारे म्हनतीन, हिनंच मारली मासळी. कावून बसू मी घरी? कावून?"

बाबा पायातले बूट काढू लागले. माझ्याकडे उत्तर होतं, निदान तसं मला वाटत होतं. वास मी ओळखला होता. पारावर तो वास आला तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे अंगठ्याखालचं काळं आलं होतं. मी म्हणाले, "माय, विष नाही. तळ ढवळला गेला. ते पाइपाचं पाणी खाली जोरानं आलं आणि दडून बसलेलं सगळं वर आलं. त्यानं पाण्यातली हवा खाल्ली."

"मले समजलं," माय म्हणाली. मला वाटत नाही तिला तेव्हा समजलं असेल. "पन गौंटियाले कसं समजावशील?"

दुसऱ्या दिवशी मी घाट टाळून काठाचा चिखल आणला, मिठाईवाल्याकडच्या दोन काचेच्या बरण्यांत भरला, वर विहिरीचं पाणी ओतलं आणि दोन्हींत एकेक बारकी मासळी सोडली. एक बरणी काठीनं खूप ढवळली. पाणी गढूळ झालं. मासळी त्या गढुळात मजेत फिरत राहिली. मी तासन्‌तास बघत बसले. तिला काही म्हणजे काही झालं नाही. माय येऊन डोकावली आणि घागर घेऊन नळाच्या रांगेला निघाली, ते मला फार लागलं.

आज हे लिहिताना हसू येतं, कारण जे मला त्या दुपारी कळलं नाही तेच पुढे माझं आयुष्यभराचं काम झालं. काठावरच्या चिखलाला लाटा सतत हलवतात, त्याला हवा मिळते, आणि हवेवर जगणारे जिवाणू तिथे घर करतात. ते कुजकं रोजच्या रोज संपवतात. खोल जागी पाणी हलत नाही. तळालगत बोटभर जाडीचं पाणी तर जवळजवळ थिजल्यासारखं असतं, त्यातून हवा खाली पोचता पोचता संपते, आणि खाली दुसऱ्याच लोकांचं राज्य सुरू होतं. समुद्रातही हेच. मैलभर खोल तळावर प्रवाह मंद वाहिला तर चिखलातल्या जिवाणूंना अन्न आणि हवा मिळत राहते. थांबला तर वरचे मरतात आणि खालचे वर सरकतात. एकदम उसळला तर सगळं उलटंपालटं होतं. जहाजाच्या डेकवर पोलादी नळीतून निघालेला चिखल मी पहिल्यांदा पाहिला, वर बोटभर तांबूस आणि खाली काजळ, तेव्हा सोबतचे सगळे गंभीर होते आणि मी मात्र मोठ्यानं म्हणाले, "अरे, हा तर रुआबांधाच!"

पण त्या संध्याकाळी मला इतकंच सुचलं की चिखल चुकीच्या जागेचा आहे. मधला पाहिजे. मी बाबांना सांगितलं. घाटावर बंदी होती, पण पलीकडे म्हशी उतरायच्या तिथे कुणी नसे. बाबा वैनगंगेत वाढलेले. परवा 'जाऊ दे' म्हणणारा हा माणूस सकाळी सदरा काढून, पितळेचा गडवा हातात घेऊन पाण्यात शिरला, मध्यावर जाऊन बुडी मारली, आणि वर आला तेव्हा गडवा काळ्यानं भरलेला होता. "कसा घान वास हाय वं," ते थुंकत म्हणाले, "पन घे तुहं सोनं."

तो चिखल मी बरण्यांत घालून, वर विहिरीचं पाणी ओतून रात्रभर निवळू दिला. सकाळी दोन्हींत मासळी सोडली आणि एक ढवळली. थोड्याच वेळात मासळी वर आली, तोंड पाण्याबाहेर काढून आ करू लागली, आणि मग आडवी झाली. न ढवळलेल्या बरणीतली चिखलाच्या वर शांतपणे फिरत होती. मायनं आपल्या पायातलं जोडवं काढून काळ्या चिखलात खुपसलं. दुपारी धुऊन पाहिलं तर ते तव्यासारखं दिसत होतं. तिनं ते पदरानं घासून पाहिलं, पण काळं निघेना. मग म्हणाली, "चाल गौंटियाकडे."

गौंटियानं आम्हाला अंगणातच उभं ठेवलं, पण ऐकून घेतलं. केजाबाईही तिथेच होती, रडून रडून डोळे सुजलेले. माझं बोलणं संपल्यावर तीच आधी बोलली. "तोर चिखला ला मैं नइ पतियांव." तुझ्या चिखलावर माझा विश्वास नाही. त्या चिखलात तुम्ही टाकलेलं विष नसेल कशावरून? मला राग आला, पण ती बरोबर बोलत होती. आता वाटतं, पुढे मला भेटलेल्या कितीतरी मोठ्या परीक्षकांपेक्षा तिची शंका जास्त नेमकी होती. मी म्हणाले, "मग तुम्हीच आणा. दुसऱ्या तरियाचा. जिथे आम्ही कधी गेलो नाही."

केजाबाईचं माहेर मरोद्याचं. "मरोदा के चिखला मैं लानहूं," ती म्हणाली. "अउ मोर घर म रखहूं." मरोद्याचा चिखल मी आणीन आणि माझ्याच घरी ठेवीन. गौंटियानं मान हलवली. मी फक्त बरण्या दिल्या आणि तिला सांगितलं की मधल्या खोल जागचा काढ, आणि भरल्यावर हलवू नकोस. मासळी मेली तसं बंद केलेलं पाणी ठेकेदाराची माणसं पुन्हा सोडणार होती. तरियात जी थोडी मासळी वाचली होती, ती तिला वाचवायची होती. तिच्यावर जे बेतलं होतं ते आमच्यापेक्षा कमी नव्हतं.

पारावर सगळं गाव जमलं. केजाबाईनं बरण्या डोक्यावरून इतक्या सांभाळून आणल्या की पाणी नितळ होतं. मासळी तिचीच, काठी तिचीच. मायनं जोडवं काढायला हात घातला, तर गौंटिया म्हणाला, "तोर चांदी नहीं." तुझी चांदी नको. मग केजाबाईनं आपल्या हातातली चांदीची ऐंठी, जाड पिळाची बांगडी, जोर लावून काढली आणि एका बरणीत सोडली. ती काळ्या चिखलात रुतली. मग तिनं तीच बरणी स्वतः ढवळली.

सगळे बरण्यांवर वाकले. लांबून खांब ठोकल्याचा आवाज येत होता. मला आपली खात्री होती असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आणि ते खरंच आहे. फक्त मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. ढवळलेल्या बरणीतली मासळी काळ्या पाण्यात दिसेनाशी झाली. मग वर आली. आ करू लागली. एक म्हातारी "अई दाई" म्हणाली. मासळी कलंडली तशी माय पुढे सरली आणि गौंटियाकडे न बघता म्हणाली, "काढा ना तिले! पटलं ना आता? कावून मारता?" केजाबाईनं ती ओंजळीत उचलून विहिरीच्या पाण्याच्या घागरीत टाकली. जरा वेळानं मासळीनं शेपटी हलवली. शेजारची बरणी जशीच्या तशी होती. तिथली मासळी गोल गोल फिरत होती.

ऐंठी मात्र आत तशीच राहू दिली. गौंटियानं चिलीम ओढून संपवली, कुणीतरी उठून गेलं आणि परत आलं. मग केजाबाईनं हात घालून ती काढली, पदरानं पुसली, आणि वर धरली. ती काळीच होती. मरोद्याच्या चिखलानं, जिथे आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं.

गौंटियानं खाकरून घसा साफ केला. "ठीक हे," तो म्हणाला. "काली ले तुमन घाट म आ सकत हव." उद्यापासून तुम्ही घाटावर येऊ शकता.

"आमी येतच होतो," माय म्हणाली. "तुमी मधे अडवलं. आता अडवू नका, एवढंच."

त्यानं चिलीम झटकली. मग त्यानं आमच्यामागे उभ्या असलेल्या बाबांना विचारलं की पाणी तर पुन्हा सुटणार, त्याचं काय करायचं. इथे बाबांचं राज्य सुरू झालं. त्यांनी दोन दोस्त आणले, तिवई उभी केली, कप्पी आणि साखळी लावली, आणि पाइपाचं तोंड मधून उचलून काठाच्या बाजूला आणलं. त्याखाली सपाट दगड रचले, असे की पाणी दगडांवर पडून पसरावं आणि पातळ होऊन आत जावं. गावची माणसं दगड वाहत होती आणि बाबा त्यांना "हळू, हळू! आता सोडा!" असं ओरडत होते. ठेकेदाराच्या मुकादमानं आधी कुरकुर केली, मग बिडी पेटवून बघत बसला. पाणी हळू आणि पसरून आलं तर हवा घेऊन येतं, एवढंच मी सगळ्यांना सांगितलं होतं. पुढे याच वाक्यावर मी काही वर्षं खर्च केली, पण त्यात भर फार घालू शकले नाही.

संध्याकाळी पाणी सुटलं. या खेपेला नारळ फोडायला कुणी आलं नाही. दगडांवरून पाणी झुळझुळत खाली उतरत होतं, त्याला आवाजही फारसा नव्हता.

उजाडताना आम्ही गेलो तेव्हा घाटावर सगळ्या बायका उभ्या होत्या, घागरी काखेत, पण पाण्यात कुणी नव्हतं. पाणी वर चढलेलं, स्वच्छ होतं. एकही मासळी तरंगत नव्हती. मध्यावर एक उसळलीही. वास नव्हता. तरी कुणाचं पाऊल पुढे पडत नव्हतं. ज्या पाण्यानं चांदी काळी केली ते पाणी डोळ्यांना कितीही बरं दिसलं तरी मन मानत नाही, हे मला तेव्हा कळलं. बरणी ही बरणी असते आणि तरिया हा तरिया.

मायनं गंज खाली ठेवला. पायऱ्या उतरून ती गुडघाभर पाण्यात गेली, जिथे पाऊल ठेवायला तिला मनाई केली होती तिथेच. तिनं वाकून हातानं पाणी बाजूला केलं, ओंजळ भरली, आणि सगळ्या घाटासमोर ती प्यायली. मग पुन्हा एकदा भरून प्यायली, सावकाश, तहान लागल्यासारखी. तोंड पुसून वळली आणि केजाबाईला म्हणाली, "ये वं बहिनी. गोड हाय."

केजाबाई उतरली. तिच्यामागून गौंटियाची सून उतरली, आणि मग घाट भरला.